अजून पेटली नाही

सकाळी पेपर दारात पडला की माझे वडील खुर्चीतूनच विचारतात, "पेटला का गं?" आण्णांचं वय आता शहाऐंशी. ऐकायला कमी येतं, गुडघे कधीच गेले, पण हा प्रश्न चुकत नाही. ते विचारतात सूर्याबद्दल. आकाशातल्या नव्हे, माणसाने जमिनीवर पेटवायला घेतलाय त्या. हायड्रोजनचे अणू एकमेकांत मिसळवून वीज काढायचा उद्योग जगात चार ठिकाणी चाललाय, त्याची बातमी महिन्या-दोन महिन्यांतून कुठल्या तरी आतल्या पानावर असते. मी पान उलटते, चष्मा वर करते आणि सांगते, "अजून नाही." मग ते समाधानाने मान हलवतात आणि चहा मागतात. सांगलीतल्या शाळेत मी तीस-बत्तीस वर्षं फिजिक्स शिकवलं, तेव्हा हा सूर्य किती लांब आहे हे मला ठाऊक आहे. पण "अजून नाही" हे दोन शब्द मी त्यांना पहिल्यांदा सांगितले ते तेरा वर्षांची असताना, एका पोस्टकार्डावर, आणि ते खोटे होते. आजवर कुणाला सांगितलं नाही. आता सांगायला हरकत नाही, कारण ज्यांच्यापासून लपवायचं त्यांना शेवटी गेल्या आठवड्यात सांगून टाकलं.

आण्णा कोयनेच्या वीजघरात ऑपरेटर होते. आम्ही कोयनानगरच्या कॉलनीत राहायचो. पाळीच्या वेळेला गाडी हॉर्न द्यायची, आण्णा डबा घेऊन चढायचे आणि ती गाडी त्यांना घाट उतरवून डोंगराच्या पोटात नेऊन सोडायची. धरणाचं पाणी बोगद्यातून खाली कोसळतं, त्यावर चाकं फिरतात आणि त्या फिरण्यावर पार मुंबईपर्यंत दिवे लागतात, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. आई होती तोवर घरात बोलणारी माणसं दोन, ती आणि मी. आण्णा घरी आले तरी त्यांच्या कानात मशीनचा आवाजच असायचा. ते एक तर ओरडून बोलायचे, नाही तर बोलायचेच नाहीत. मी अकरा वर्षांची असताना आई काविळीने गेली आणि मग ओरडणंही संपलं. आम्ही समोरासमोर बसून जेवायचो. "भात मऊ झालाय?" "झालाय." एवढं बोलून ताटं उचलायची. आण्णांचं माझ्यावर प्रेम नव्हतं असं नाही. माझ्या वेण्या ते घालायचे, आणि इतक्या घट्ट की कपाळ ताणलं जायचं. हातांना नटबोल्टची सवय. पण मला कुणी तरी बोलायला हवं होतं, आणि ते त्यांना जमत नव्हतं.

कोयनेत जमीन हलणं नवलाचं नव्हतं. फडताळातली भांडी किणकिणायची, आम्ही हातातलं काम थांबवायचो, पुन्हा सुरू करायचो. एका रविवारी मात्र धक्का जरा जोराचा बसला. आण्णा सकाळपाळीला गेलेले, मी घरात एकटी. फळीवरचे पितळी डबे खाली आले, तांदूळ घरभर पसरले. मी बाहेर जाऊन पेरूच्या झाडाखाली बसले. शेजारच्या काकू बोलवत होत्या, मी गेले नाही. मांडीवर दप्तर घेऊन दुपारी गाडी येईपर्यंत तिथेच बसून राहिले. दप्तर का घेतलं होतं, देव जाणे. आण्णा आले, माझ्याकडे बघितलं, घरात गेले. डबे जागेवर लावले, तांदूळ एकेक दाणा वेचून भरले, आणि मग म्हणाले, "तुला आक्काकडं ठिवतो. थोडं दिस." थोडे दिवस म्हणजे किती, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर आकडा मिळाला असता, कारण आकड्याच्या बाबतीत माणूस चोख होता.

आक्का म्हणजे आण्णांची थोरली बहीण, माझी आत्ती. कोरेगावपासून कोसभर आत तिचं गाव. नवरा फौजेत होता, तो गेल्यावर तिला पेन्शन लागली. पोटी मूलबाळ नाही. घरात ती, दोन म्हशी आणि परसात गोबरगॅस. गावातला पहिला. लोक चेष्टा करायचे, "शेणावर भाकऱ्या भाजती," म्हणून, आत्ती म्हणायची, "भाजती खरं, पण डोळं पुसत न्हाई मी तुमच्या बायकांवानी." रोज सकाळी दोन पाट्या शेण, तेवढंच पाणी, हाताने कालवायचं, त्यातली काडी न् काडी वेचून काढायची आणि मोरीएवढ्या हौदातून आत सोडायचं. आत जमिनीखाली विहीर, विहिरीवर उपडी घातलेली लोखंडी टाकी. गॅस धरला की टाकी कुरकुरत वर यायची, स्वयंपाक झाला की खाली बसायची. आत्तीचं घड्याळ तेच होतं. "टाकी वर आली, आमटी टाकू," म्हणायची. वाघ्या घेवड्याची आमटी, तिच्यात काळं तिखट आणि खोबरं, बरोबर बाजरीची भाकरी. त्या निळ्या आचेवर घेवडा असा शिजायचा की साल दाताला लागू नये. शेगडीचा बारीक फुसफुस आवाज, भिंतीपलीकडे म्हशीचं रवंथ, आणि आत्तीचं स्वतःशी बोलणं. ती माझ्याशी कमीच बोलायची. इतकी वर्षं एकटी राहिलेल्या बाईला उत्तर देणाऱ्या माणसाची सवय नसते. मी काही म्हटलं की ती दचकून बघायची, कोण बोललं म्हणून. अशा रीतीने एका गप्प घरातून मी दुसऱ्या गप्प घरात आले. शाळेत मुली मला "कॉलनी" म्हणायच्या, कारण मी चप्पल घालून यायचे आणि "हाय" न म्हणता "आहे" म्हणायचे. महिन्याभरात "हाय" म्हणायला लागले, तरी नाव तेच राहिलं.

आण्णांचं पत्र दर आठवड्याला यायचं. त्यात माझ्याबद्दल एक ओळ असायची, "अभ्यास करणे," आणि बाकी सगळा सूर्य. झालं होतं असं की गणपतीत कॉलनीच्या क्लबात एका तरुण इंजिनिअरांनी व्याख्यान दिलं. वीजघरात नवीन आलेले, हुशार. त्यांनी सांगितलं, कोळसा संपेल, धरणं गाळाने भरतील, पण समुद्राच्या पाण्यात एक प्रकारचा हायड्रोजन आहे तो काही संपत नाही. त्याचे अणू कोट्यवधी अंशांवर तापवले की एकमेकांत मिसळतात आणि सूर्यात निघते तशी ऊर्जा निघते. अडचण एवढीच, की तेवढी उष्णता धरणारं भांडं जगात नाही. ती लोहचुंबकांनी अधांतरी धरून ठेवावी लागते. तीस वर्षांत होईल. आण्णा आयटीआय शिकलेले, पण या गोष्टीने त्यांना झपाटलं. त्यांनी इंजिनिअरांकडून मासिकं आणली, शब्दकोश आणला. पत्रांतून मला चुंबकांच्या आकृत्या यायला लागल्या. मी त्या आत्तीला दाखवायचे. आत्ती म्हणायची, "आधी त्याला म्हणावं, हितली लाइट सांजच्याला जाती ती ठिव जाग्यावर. मग सूर्य आण." आणि ते खरंच होतं. भावाच्या हातात एवढ्या विजेचं बटण, आणि बहिणीच्या घरात संध्याकाळी दिवा नाही. ती गोबरगॅसचा कंदील लावायची आणि त्याच्या हिरवट उजेडात मी आण्णांची पत्रं वाचायचे, कुठे तरी "घ्यायला येतो" लिहिलंय का ते बघत. कधी नव्हतं.

दिवाळीच्या आधी मात्र कार्ड आलं: चार दिवस रजा मिळाली, येतो. माझं डोकंच ठिकाणावर राहिलं नाही. मनाशी ठरवलं की या चार दिवसांत असं काही करायचं की आण्णा जाताना मला बरोबर नेतील. आता आण्णांना शेणाचा वास चालत नसे. मागे एकदा आले तेव्हा सारखा नाकाला रुमाल. कॉलनीत आई मोरी फिनेलने धुवायची, काळं औषध पाण्यात पडलं की दुधासारखं पांढरं व्हायचं, आणि घराला तो स्वच्छ वास यायचा. माझ्या लेखी तो आईचा वास होता. बाजारच्या दिवशी मी आत्तीच्या मागे लागून कोरेगावातून बाटली आणली. "न्हाणीला व्हय? घे," आत्ती म्हणाली. वसुबारसेच्या आदल्या दिवशी ती शाळू भांगलायला रानात गेली आणि मी गोठा काढला. अख्खी बाटली ओतली. खराट्याने घासून घासून फरशी पांढरी केली, आणि दहा-बारा कळशा पाणी मारलं. ते सगळं पाणी गोठ्याच्या चरातून आपल्या वाटेने गेलं. आणि त्या चराचं तोंड होतं गोबरगॅसच्या हौदात, कारण म्हशीचं मूतही वाया जाऊ द्यायचं नाही म्हणून आत्तीने तसाच उतार काढून घेतला होता. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. संध्याकाळी आत्ती दारात उभी राहून म्हणाली, "बया, दवाखान्यावानी वास येतोय की." मला ते कौतुक वाटलं.

दोन दिवस काही नाही. टाकीत होता तेवढा गॅस संपला आणि मग टाकी वर यायचं नाव घेईना. आत्तीने शेण वाढवलं, पाणी बदललं, टाकी हलवून बघितली. नरकचतुर्दशीला आंघोळीचं पाणी तिने तीन दगड मांडून परसात तापवलं आणि करंज्या तळल्या त्या जुन्या चुलीवर, ओल्या लाकडांवर. आण्णा यष्टीतून उतरून आले तेव्हा घरभर धूर होता आणि आत्ती खोकून खोकून खाली बसली होती. मी गोठ्यापाशी उभी. आण्णांनी पिशवी ठेवली, परसात गेले, टाकीभोवती एक फेरी मारली, हौदावर वाकले आणि त्यातलं पाणी बोटावर घेऊन हुंगलं. खिशातला रुमाल न काढता. मग वळून माझ्याकडे बघितलं.

"फिनेल कुणी घातलं?"

"मी," मी म्हणाले. "गोठा धुतला. तुमाला वास येतो म्हणून."

आत्ती पदर तोंडाला लावून मागून आली होती. ती म्हणाली, "पोरीला कशाला बोलतूस? मिस्त्रीनं मला बजावलं हुतं, साबणाचं पाणी, औशिद, कायबी आत जाऊ द्यायचं न्हाई म्हणून. सांगायचं माजंच राहिलं." सगळं आयुष्य स्वतःशीच बोलणाऱ्या बाईने बाकी सगळं सांगितलं होतं, हे तेवढं राहिलं होतं. मला रडू आलं, पण रडले असते तर आण्णांनी मला नेलं नसतं असं काही तरी डोक्यात होतं, म्हणून गिळलं.

टाक्या बनवणारे इलाहीचाचा कोरेगावच्या वाटेवर राहायचे. वेल्डिंगचं काम, पंचक्रोशीतल्या गोबरगॅसच्या टाक्या त्यांनीच जोडलेल्या. आण्णा मला घेऊन त्यांच्याकडे गेले. चाचांनी ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बघून हसले. "आवं ऑपरेटरसाहेब, तुमचं मशीन लोखंडाचं, हे जित्त्याचं हाय. आत बारीक किडं असत्यात, डोळ्याला दिसत न्हाईत. ते मेलं. आता निम्मी इहीर उपसा आन् माज्या टाकीतला राबडा नेऊन घाला. दह्याला इरजाण लावतो तसं." "किती दिवस लागतील?" आण्णांनी विचारलं. आकडा हवाच. चाचा म्हणाले, "थंडी पडली हाय. पंदरा दिस, म्हैना. त्यास्नी कोण इचारणार?" आण्णांना ते आवडलं नाही हे मला कळलं. त्यांच्या वीजघरात चाक फिरवायला सांगितलं की काही मिनिटांत फिरायचं.

मग दिवाळीचे उरलेले दिवस आम्ही बापलेक शेणात होतो. आण्णांनी धोतर गुडघ्यापर्यंत खोचलं, बादलीला दोर बांधला आणि टाकीखालची विहीर उपसायला लागले. ती घाण आम्ही उकिरड्यात नेऊन टाकायचो आणि चाचांकडून दुधाच्या कॅन भरून राबडा, म्हणजे आत मुरलेला शेणकाला, आणायचो, शेजाऱ्याची बैलगाडी घेऊन. गावात पाडव्याचे शेणाचे पांडव दारोदार मांडलेले आणि आम्ही गाडीवर बसून त्यांच्यापुढून शेण वाहत नेतोय. लोक हसायचे. आण्णाही हसले एकदा. आणि त्या गाडीवर, इकडे आत्तीच्या घराकडे येताना, ते बोलायला लागले. आयुष्यात कधी बोलले नव्हते तेवढे. सूर्याबद्दलच, पण तरी माझ्याशी. "नलू, त्येची बी गत हीच हाय बघ. पेटवणं आवघड न्हाई. पेटवत्यात, डोळ्याचं पातं लवस्तवर जळतंय आन् विझतंय. जितकं घालावं तितकंबी परत मिळत न्हाई. पेटलेलं ऱ्हायला पायजे, तिथं घोडं अडलंय." मी विचारलं, "कवा जमंल?" "तीस वरसं." "तवा मी त्रेचाळीसची असंन." "आन् मी सदुसष्टचा. मग एक कारखाना बांधला की पार कन्याकुमारीपतुर उजेड." मी म्हणाले, "आन् आत्तीच्या शेगडीचं काय?" "ही शेगडी एका घराची," म्हणाले. "हिच्यावर देश चालत न्हाई." पुढे बराच वेळ बैलांच्या घुंगरांचाच आवाज. मला वाटतं त्यांनाही तेव्हा जाणवलं असेल की ते एक घरही त्यांच्या धरणावर चालत नव्हतं. मला त्या वेळी देशाचं काही पडलं नव्हतं. बाप बोलतोय, आणि कॅन सांडू नये म्हणून त्याने एका हाताने मला धरलंय, यापलीकडे मला काही नको होतं.

चौथ्या दिवशी ते निघाले. टाकी तशीच खाली. मी पिशवी भरून ठेवली होती, माझी. त्यांनी ती बघितली. हात धुवून आले होते तरी नखांत शेण होतं. म्हणाले, "आमच्यात, ज्याच्या हातनं मशीन बंद पडतं, त्यानं ते फिरवून दिल्याबिगर पाळी सोडायची न्हाई. हे तू बंद पाडलंस, तूच चालू कर. आक्काला धुरात टाकून जाता येत न्हाई. ज्या दिवशी शेगडी पेटंल त्या दिवशी कार्ड टाक. मी येऊन तुला घिऊन जातो." आणि गेले. मी यष्टीमागे धूळ बसेपर्यंत उभी होते. वाईट वाटायला हवं होतं, पण मी आनंदात होते. ते "घिऊन जातो" म्हणाले होते.

त्यानंतर रोज पहाटे मीच शेण कालवलं. कोपरापर्यंत हात घालून, काडी वेचून. शाळेतून आले की आधी टाकी बघायची. दहाव्या दिवशी टाकी चार बोटं वर आली आणि मी धावत स्वयंपाकघरात गेले, काडी ओढली. काडी विझली. आत्ती म्हणाली, "पयला गॅस जळत न्हाई, सोडून दे." सोडला. पुन्हा वाट बघितली. आत्ती चुलीपुढे खोकत होती, मी प्रत्येक खोकल्याला मान खाली घालत होते. सतराव्या दिवशी, शाळेतून आल्यावर, काडी ओढली आणि फुस्स करून निळी रांगोळी उमटली. शेगडीचं एकेक भोक पेटलं. आत्तीने दूध ठेवलं. दूध वर येईपर्यंत आम्ही दोघी ज्योतीकडे बघत उभ्या होतो. मग ती म्हणाली, "पेटली गं बया. आता न्यायला यील तुजा बा." आणि गोठ्यात गेली. धार काढायची वेळ नव्हती. बराच वेळ आली नाही.

मी कार्ड काढलं. "शेगडी पेटली" एवढं लिहिलं आणि त्याकडे बघत बसले. आता लोक म्हणतील, आत्तीसाठी थांबली, पोर गुणाची. तसं मीही कितीदा स्वतःला सांगितलंय. आत्ती गोठ्यात गेली ते मला दिसलं होतं, हे खरं. पण खरं कारण ते नव्हतं. मला भीती वाटली. मी हे कार्ड टाकलं आणि आण्णा आलेच नाहीत तर? "थोडं दिस" म्हणाले होते त्याला तेव्हा वर्ष झालं होतं. शेगडी पेटली नाही तोवर ते येणार होते. पेटली असं कळवलं की येतील किंवा येणार नाहीत, दोन्हींपैकी एक होणार. मला त्यातलं दुसरं बघायचं नव्हतं. मी ते कार्ड दुधाखालच्या त्याच ज्योतीवर धरलं आणि दुसऱ्यावर लिहिलं, "शेगडी अजून पेटली नाही. काळजी नसावी." आत्तीला वाचता येत नव्हतं. तिनेच ते पोस्टमनला दिलं.

आण्णांचं उत्तर आलं, पाणी कोमट घालून बघ. पुढच्या आठवड्यात, अजून नाही का? मी, अजून नाही. पाच-सहा पत्रं अशी गेली. मग त्यांनी विचारणं बंद केलं आणि पुन्हा चुंबकं सुरू झाली. मे महिन्यात रजेवर आले तेव्हा शेगडीवर आमटी रटरटत होती. "कवा पेटली?" त्यांनी विचारलं. "परवाच," मी म्हणाले. त्यांनी स्वयंपाकघरावर एक नजर फिरवली आणि मान हलवली. न्यायचं काही बोलले नाहीत. मी मनात म्हटलं, बघ, मला ठाऊकच होतं. आणि त्या रागावर मी मॅट्रिक केली, साताऱ्याला कॉलेज केलं, नोकरी धरली. आत्ती गेली तेव्हा तिच्या उशाशी मी होते. लग्न जमलं नाही, जमवलंही नाही. दारात उभं राहून कुणाची वाट बघायची मला धास्तीच बसली होती.

आता आण्णा माझ्याकडे आहेत, बारा वर्षं झाली. माझ्या छतावर सोलरच्या पाट्या आहेत. आण्णा त्यांना "तुज्या आत्तीची टाकी" म्हणतात. पुरात कृष्णेचं पाणी आमच्या पायरीला लागलं तेव्हा खिडकीतून बघत म्हणाले, "आमचं पाणी हाय, वळखीचं." सूर्याचंही थोडं पुढे सरकलंय. परदेशातल्या एका प्रयोगशाळेत म्हणे घातली त्याहून जास्त ऊर्जा क्षणभर बाहेर आली, पण ती मोजणी फक्त लेझरपुरती, कारखान्याची नव्हे. तारीख विचारली तर अजूनही तीस वर्षंच सांगतात, कुणी धाडसी असेल तर दहा. मुलं वर्गात हसायची यावर. मी हसले नाही कधी. येणार येणार म्हणत राहिलेल्या गोष्टीला किती वर्षं उराशी धरता येतं हे मला माहीत आहे.

गेल्या आठवड्यात सकाळी त्यांनी विचारलं, "पेटला का गं?" आणि का कोण जाणे, मी पेपर खाली ठेवला. त्यांच्या चांगल्या कानाशी खुर्ची ओढली आणि म्हणाले, "आण्णा, आत्तीची शेगडी. मे महिन्यात म्हणाले तशी ती परवा पेटली नव्हती. दिवाळीत तुम्ही गेल्यावर सतराव्या दिवशी पेटली होती. मी खोटं लिहिलं."

"ठावं हाय," ते म्हणाले.

मला वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही. पुन्हा सांगितलं.

"आगं, ठावं हाय म्हंतोय न्हवं. मे म्हैन्यात आलो तवा भांड्यांची बुडं पांढरी हुती सगळी. परवापतुर चुलीवर असती तर काळी नसती व्हय? मी म्हनलं, पोरीला यायचं न्हाई. आक्काजवळ बरं वाटत आसंल. कशाला वडायची." त्यांनी चहाचा कप दोन्ही हातांत धरला होता. "दिवाळीवरनं गेलो तवाच पाळी बदलून मागितली हुती मी, सकाळची कायमची. मिळाली बी. आन् तुज्यासाठी खाट आणली हुती. लोखंडी. कराडातनं, यष्टीच्या टपावर टाकून."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. हुती तशीच. कोरी नवार भरून घेतली हुती. बदली झाली तवा शेजारच्याला दिली." त्यांनी कप खाली ठेवला. "लय वरसं हुती खोलीत. पर नवार ढिली न्हाई झाली तिची."